जेम्स आउट्रम

लेफ्टनंट जनरल सर जेम्स आउट्रम (२९ जानेवारी, इ.स. १८०३ – ११ मार्च, इ.स. १८६३) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी, खानदेशातील भिल्ल पलटणीचे संस्थापक आणि आपल्या काळातील नामांकित घोडेस्वार व शिकारी होते.

पूर्वायुष्य

आउट्रम यांचा जन्म इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यात झाला. त्यांचे वडील बेंजामिन आउट्रम हे स्थापत्य अभियंता होते. इ.स. १८०५ मध्ये वडिलांचे निधन झाल्याने कुटुंब अडचणीत आले. आउट्रम यांचे शिक्षण स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे झाले. इ.स. १८१९ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ते सैन्यात उमेदवार म्हणून मुंबईस आले.

खानदेशातील कार्य

इ.स. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर खानदेश कंपनीच्या ताब्यात आला. परंतु डोंगरातील भिल्लांशी तिचा संघर्ष चालूच राहिला. केवळ बळाने तो मिटत नाही असे दिसल्यावर गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत भिल्लांनाच सैन्यात घेण्याचे धोरण ठरले. इ.स. १८२५ मध्ये हे काम आउट्रम यांच्याकडे आले. धरणगाव येथे मोजक्या भिल्लांना घेऊन त्यांनी पलटण उभारली. ते त्यांच्यात निःशस्त्र वावरत व त्यांच्यासोबत शिकारीस जात. शिकारीतील धोका बरोबरीने पत्करल्याने भिल्लांचा विश्वास त्यांना मिळाला.

हाच विश्वास पुढे कंपनीची सत्ता डोंगरात रुजवण्यास उपयोगी पडला. इ.स. १८३० मध्ये आउट्रम यांनी डांगवर स्वारी केली. इ.स. १८३१ मध्ये सावदा व यावल भागातील दरोड्यांचा तपास त्यांच्याकडे सोपवण्यात आला. त्यात शेकडो संशयितांना अटक झाली.

घोडदौड व शिकार

त्या काळी तरुण अधिकाऱ्यांमध्ये घोड्यावरून भाल्याने रानडुकराची शिकार करण्याचा छंद होता. आयर्लंडमध्ये इ.स. १७५२ मध्ये दोन गावांच्या चर्चच्या मनोऱ्यांदरम्यान रानातून लागलेल्या पैजेपासून 'स्टीपलचेस' ही अडथळ्यांची घोडेशर्यत सुरू झाली, असे मानले जाते. डुकराच्या शिकारीतही आखलेला मार्ग नसे. काळ्या जमिनीतील भेगा, नाले व काटेरी कुंपणे ओलांडत घोडा भरधाव न्यावा लागे. ज्याचा भाला प्रथम लागे, त्यालाच मान मिळे. या खेळात आउट्रम अग्रेसर होते.

वाघाच्या शिकारीतही त्यांचे नाव झाले. एकदा भिल्लांनी पागोटी एकमेकांना बांधून त्यांना झाडावरून अधांतरी धरले व त्यांनी तशाच स्थितीत वाघावर गोळी झाडली, असे सांगितले जाते. इ.स. १८२५ ते १८३४ या काळात त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी खानदेशात १९१ वाघ मारल्याची नोंद आहे. त्या वेळी हे शौर्य मानले गेले. आज ती नोंद खानदेशातील वाघ कसे नाहीसे होत गेले याचाही पुरावा ठरते.

उत्तर आयुष्य

इ.स. १८३५ मध्ये आउट्रम खानदेशातून महीकांठ्यास गेले. पुढे त्यांनी पहिल्या अफगाण युद्धात भाग घेतला. सिंधच्या विलीनीकरणास त्यांचा विरोध होता. म्हणून त्या मोहिमेतील लुटीचा वाटा त्यांनी स्वतःसाठी न ठेवता धर्मादाय कार्यास दिला. बडोद्यात रेसिडेंट असताना लाचलुचपतीविरुद्ध अहवाल दिल्यामुळे त्यांना पद सोडावे लागले. मात्र इ.स. १८५६ मध्ये अवध खालसा करण्याचे काम त्यांच्याच हस्ते पार पडले. इ.स. १८५७ मध्ये लखनौच्या मोहिमेत त्यांनी अधिकाराने वरिष्ठ असूनही सेनापतिपद हॅवलॉक यांच्याकडे ठेवले आणि स्वतः स्वयंसेवक घोडदळात सामील झाले.

मृत्यू व स्मारक

आउट्रम यांचे फ्रान्समधील पो येथे निधन झाले. त्यांचे दफन लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत करण्यात आले. शिल्पकार जॉन हेन्री फोली यांनी घडवलेला त्यांचा अश्वारूढ पुतळा कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलच्या आवारात आहे. घोडा एकाएकी थांबवून खोगिरावरून मागे वळून पाहणारा स्वार त्यात दाखवला आहे.