कॅथरिन बूथबाई : रुग्णशय्येवरील सेवा

खेड्यातील एखाद्या घरी कर्करोग शिरला, म्हणजे पुष्कळदा दोन गोष्टी घडतात. घरची मंडळी रोगाचे नाव दडवून ठेवितात, आणि शेजारीपाजारी हळूहळू येईनासे होतात. कोणी म्हणतो, हे मागील पापाचे फळ; कोणी म्हणतो, हा रोग शिवल्याने लागतो. या दोन्ही समजुती खोट्या आहेत. परंतु त्यांच्यामुळे दुखणाइतास रोगाच्या वेदनेबरोबर एकटेपणाचीही वेदना सोसावी लागते. ज्या घरांवर हा प्रसंग आला आहे त्यांच्याकरिता मुक्तिफौजेची माता म्हणून जगास माहीत असलेल्या कॅथरिन बूथबाईंच्या अखेरच्या अडीच वर्षांची हकीकत आम्ही आज सांगतो.

कॅथरिनबाईंचा जन्म ता. १७ जानेवारी १८२९ रोजी इंग्लंडात डर्बीशायर परगण्यातील ॲशबर्न गावी झाला. चौदाव्या वर्षी पाठीचा कणा वाकल्यामुळे त्यांस कित्येक महिने अंथरुणावर पडून राहावे लागले. त्या काळी त्यांनी शास्त्राचे व धर्मविषयक ग्रंथांचे पुष्कळ वाचन केले. सन १८५५ साली विल्यम बूथ यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पुढे त्यांस आठ मुले झाली. स्वभावाने त्या भिडस्त होत्या. तरी सन १८६० साली गेट्सहेड येथे, पतीचा उपदेश संपत असता, त्या आपल्या जागेवरून उठल्या व सभेपुढे प्रथमच बोलल्या. स्त्रियांनी मंडळीत उपदेश करू नये असे त्या वेळी बहुतेक लोक मानीत असत. सन १८६५ साली या दांपत्याने लंडनच्या पूर्वभागातील गोरगरिबांत काम सुरू केले आणि १८७८ साली त्या कामास मुक्तिफौज हे नाव मिळाले.

सन १८८८ च्या फेब्रुवारी महिन्यात छातीत एक गाठ आढळल्यावरून बूथबाई लंडनचे नामांकित शस्त्रवैद्य सर जेम्स पॅजेट यांजकडे एकट्याच गेल्या. हा कर्करोग आहे, ताबडतोब शस्त्रक्रिया करावी, असे त्यांनी सांगितले. किती दिवस उरले आहेत, असे बाईंनी विचारल्यावर, दीड ते दोन वर्षे, असे उत्तर मिळाले. बाईंची स्वतःची आईही याच रोगाने वारली होती; तेव्हा पुढे काय वाढून ठेविले आहे हे त्यांस दुसऱ्याने सांगण्याची गरज नव्हती. परतीच्या वाटेवर भाड्याच्या घोडागाडीतच त्यांनी गुडघे टेकून प्रार्थना केली.

घरी येताच त्यांनी सर्व काही पतीस सांगितले. आडपडदा ठेविला नाही. विल्यमसाहेब सुन्न होऊन गेले. बाईंनी मात्र प्रथम बोलून दाखविली ती स्वतःच्या मरणाची भीती नव्हे. पतीच्या अंतकाळी त्यांची शुश्रूषा करावयास आपण असणार नाही, हेच त्यांस अधिक लागले होते. साहेबांस त्याच रात्री हॉलंड देशी जावयाचे होते. आपल्याकरिता काम थांबवू नये, असा बाईंनी आग्रह धरिला.

शस्त्रक्रियेचा सल्ला बाईंनी त्या वेळी मानिला नाही. पुढे इटलीतील काउंट मात्तेई यांच्या औषधांचाही प्रयोग करून पाहिला. त्याने रोग हटला नाही. वाचकांनी या गोष्टीचे अनुकरण करू नये. त्या काळी क्षकिरणांचा शोध लागला नव्हता (तो १८९५ सालचा) आणि रेडियमही सापडले नव्हते (ते १८९८ सालचे). आज शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे हे तिन्ही मार्ग खुले आहेत, आणि रोग लवकर ओळखला तर अनेकजण बरे होतात. बाईंपासून आम्हांस शिकावयाचे ते निराळेच आहे.

ते हे, की रोगाने त्यांचे शरीर खाल्ले, पण माणसांशी असलेले त्यांचे नाते त्यास खाता आले नाही. रोग कळल्यावर दोन महिन्यांच्या आत, ता. १० एप्रिल १८८८ रोजी, त्यांची कन्या एम्मा हिचा विवाह फ्रेडरिक टकर यांच्याशी झाला. हे तेच टकरसाहेब, ज्यांनी १८८२ साली मुंबई बंदरात उतरून आपल्या देशात मुक्तिफौजेचे काम सुरू केले. मुलगी सातासमुद्रांपलीकडे जाणार, आणि आपले दिवस मोजके, हे ठाऊक असूनही आईने तिला हिंदुस्थानाकरिता दिले. त्याच वर्षी ता. २१ जून रोजी लंडनच्या सिटी टेंपलमध्ये बाईंनी आपला शेवटचा जाहीर उपदेश केला. तो संपल्यावर त्या इतक्या थकल्या, की बराच वेळ त्यांस तेथून हलविता आले नाही.

सन १८८९ च्या ऑगस्टात त्यांस समुद्रकिनारी क्लॅक्टन येथे नेले. तेथील खोलीचे दार बंद झाले नाही. मुले येत, फौजेचे कामकरी येत. बाई त्यांस सल्ला देत, कानउघाडणी करीत, आशीर्वाद देत. विल्यमसाहेब इंग्लंडातील दरिद्री लोकांच्या उद्धाराविषयी आपला मोठा ग्रंथ त्याच काळात लिहीत होते, आणि त्या विषयावर उभयतांची बोलणी चालत. पुढे तो ग्रंथ बाईंच्याच स्मृतीस अर्पण झाला. सन १८९० च्या जुलैत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये फौजेचा पंचविसावा वार्षिकोत्सव भरला. बाईंस तेथे जाणे शक्य नव्हते. म्हणून त्यांचा निरोप कापडाच्या लांब पट्ट्यावर मोठ्या अक्षरांत लिहून त्या अफाट समुदायापुढून सरकविण्यात आला. आपली जागा रिकामी असली तरी अंतःकरण तुमच्याजवळच आहे, असा त्याचा आशय होता.

हे सर्व सुखाने घडले असे कोणी समजू नये. वेदना भयंकर होत्या. देवाच्या सान्निध्याचा आनंद आपणांस नेहमी जाणवत नाही, हेही बाईंनी लपविले नाही. भावना ओसरली तरी विश्वास धरून राहावयाचे, एवढेच त्या जाणत. पौलाच्या देहातील काट्याविषयी प्रभूने त्यास जे उत्तर दिले, ते वचन त्यांच्या खोलीत नजरेसमोर टांगलेले असे. पौलाचा काटा निघाला नव्हता, हे आम्ही वारंवार विसरतो. ता. ४ ऑक्टोबर १८९० रोजी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, आप्तांच्या सान्निध्यात बाईंनी देह ठेविला. पूर्वीच्या त्रावणकोरच्या मुलखातील नागरकोइल येथील मुक्तिफौजेच्या रुग्णालयास त्यांचे नाव आहे. आणि आपल्या नगर शहरातील बूथ हॉस्पिटलास त्यांची कन्या इव्हँजेलिन हिचे.

उपदेशक बंधूंनो, तुमच्या गावी असा दुखणाईत असेल तर प्रथम त्यास इस्पितळाची वाट दाखवा, आणि कोणी सोबतीस जाईल अशी तजवीज करा. मुंबईस परळ येथे १९४१ साली टाटा रुग्णालय उघडले. खेड्यापाड्यांतून कितीतरी लोक तेथे उपचारास जातात. महिनोमहिने परक्या शहरी राहणाऱ्या रुग्णास गावाकडील खुशाली औषधाइतकीच हवी असते. त्याच्या शेताची, गुरांची, मुलांच्या शाळेची वार्ता त्यास कळवीत जा.

आणि तो घरी परतला, म्हणजे केवळ कीव करावयास त्याच्या खाटेपाशी जाऊ नका. मंडळीत तंटा पडला असेल तर त्याचा विचार घ्या. तरुणाचे लग्न ठरले असेल तर त्यास आशीर्वादासाठी तेथे न्या. ज्या बहिणीच्या हातून आता भाकरी थापवत नाही, तिला मंडळीतील आजाऱ्यांची नावे सांगा व त्यांच्याकरिता प्रार्थना करावयास विनवा. क्लॅक्टनच्या त्या खोलीत लोक काही देण्यास जात, तसे काही घेण्यासही जात. म्हणूनच त्या खाटेवरील बाई अखेरपर्यंत एकट्या पडल्या नाहीत.