बहिरजी नाईक : सुरतेची खबर आणणारा माणूस

सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला एक प्रश्न चुकवता येत नाही. शाळेतून आलेली मुले तो विचारतात, कधी शेजारी हसत हसत विचारतात. महाराजांनी सुरत लुटली ती का, आणि कशी? ‘का’चे उत्तर आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ असते. ‘कशी’चे उत्तर शोधू लागलो की आपण एका माणसापाशी येऊन पोहोचतो. त्याचे नाव बहिरजी नाईक. या वेळी मंडळाच्या वाचकांसाठी आम्ही त्याचेच चरित्र सांगत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. बहिरजीवर कादंबऱ्या आहेत, नाटके आहेत, चित्रपटांत तो दिसतो. बहुरूप्याची सोंगे, पक्ष्यांच्या आवाजातले इशारे, भिकाऱ्याच्या वेषात सुरतेच्या बाजारातून केलेली भटकंती, हे सारे त्यांतून आपल्या मनात बसले आहे. त्यातले पुष्कळसे लोककथेचे आहे आणि लोककथा म्हणून ते गोडच आहे. पण जुन्या कागदांत जे सापडते तेही कमी मोलाचे नाही. कृष्णाजी अनंत सभासद यांनी राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून १६९४च्या सुमारास जिंजीस बखर लिहिली. महाराजांच्या निधनाला तेव्हा जेमतेम चौदा वर्षे झाली होती. त्या बखरीत बहिरजी येतो, आणि दोन अत्यंत मोक्याच्या ठिकाणी येतो.

त्याचे आडनाव जाधव. नाईक हे त्याचे पद, म्हणजे जासुदांचा प्रमुख. जासूद या शब्दाचा अर्थ आज आपण फक्त हेर असा घेतो. त्या काळी जासूद निरोपही पोहोचवत असे, वाटाही दाखवत असे आणि परक्या मुलखात काय चालले आहे तेही पाहून येत असे. घोडदळाच्या व्यवस्थेत बातमी लिहिणारे, हरकारे आणि जासूद हे वेगवेगळे नेमलेले असत. १६७४ साली राज्याभिषेक झाला तेव्हा अष्टप्रधानांत दत्ताजी त्रिंबक हे वाकनीस होते आणि राज्याच्या बातम्यांचे काम त्यांच्या खात्यात येत असे. म्हणजे हेरगिरी हे कोणा एकट्याचे धाडस नव्हते, ते राज्याचे एक खाते होते. बहिरजी त्या खात्यातला प्रत्यक्ष पायी फिरणारा माणूस.

आता सुरतेकडे येऊ. १६६० ते १६६३ अशी तीन वर्षे शाहिस्तेखान पुण्यात तळ देऊन बसला होता. मुलूख उजाड झाला होता, खजिना रिता होता. ५ एप्रिल १६६३च्या रात्री लाल महालावर छापा पडला आणि खान गेला, पण गेलेली पिके आणि गेलेला पैसा परत आला नव्हता. अशा वेळी बहिरजी खबर घेऊन आला की सुरत मारली तर अगणित द्रव्य मिळेल. सभासद पुढे सांगतो की हे काम चाकरांवर सोपवले तर मनासारखे होणार नाही, असा विचार करून महाराज स्वतः निघाले. एका जासुदाच्या शब्दावर राजाने स्वतःचा जीव आणि चार हजारांच्या आसपास माणसे परमुलखात दूरवर नेली. त्या शब्दाची पत केवढी असेल, याचा विचार करावा.

सुरत तेव्हा मोगलांचे सर्वांत श्रीमंत बंदर होते. मक्केच्या यात्रेची जहाजे इथून सुटत. इंग्रजांची आणि डचांची वखार इथे होती. नुसत्या जकातीचे उत्पन्न वर्षाला बारा लाख रुपये असल्याचे थेवेनो या फ्रेंच प्रवाशाने नोंदवले आहे. आणि अशा शहराला धड तट नव्हता. सुभ्याचा अधिकारी इनायतखान पाचशे सैनिकांचा पगार सरकारातून उचलत असे, पण सैनिक ठेवत नसे. आम्ही सारी नोकरी बँकेत काढली, त्यामुळे ही नोंद वाचताना आम्हाला थांबावेच लागले. हजेरीपटावर पाचशे आणि जागेवर कोणी नाही, हा प्रकार हिशेबाच्या वहीत कधी दिसत नाही. तो जागेवर जाऊन पाहणाऱ्यालाच दिसतो.

बहिरजीने काय काय पाहिले याची यादी कुठे लिहिलेली नाही. पण पुढे जे घडले त्यावरून ती यादी आपल्याला मांडता येते.

पहिली गोष्ट वाटेची. फौज नाशिकच्या बाजूने जंगलातून उतरली. आपण मोगलांचेच सरदार असून बादशहाच्या हुकुमाने अहमदाबादेकडे चाललो आहोत, अशी हूल वाटेत उठवली गेली. गणदेवीपर्यंत फौज येऊन पोहोचली तेव्हा कुठे सुरतेत ओरड झाली. त्या काळच्या इंग्रजी कालगणनेप्रमाणे तो ५ जानेवारी १६६४चा मंगळवार होता. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत महाराज बऱ्हाणपूर दरवाजाबाहेर येऊन उतरले होते. वाटेत उधना लागले. आज आपल्या खानदेशी बांधवांची हजारो घरे ज्या उधना-लिंबायत भागात आहेत, तीच ही वाट.

दुसरी गोष्ट नावांची, आणि आमच्या मते हीच सर्वांत बोलकी. शहरात शिरण्यापूर्वी महाराजांनी इनायतखानाला पत्र पाठवले. खानाने आणि तीन व्यापाऱ्यांनी समक्ष येऊन खंडणी ठरवावी, नाहीतर शहराची खैर नाही, असा त्याचा आशय होता. ते तीन व्यापारी म्हणजे हाजी सय्यद बेग, वीरजी व्होरा आणि हाजी कासीम. वीरजी व्होरा हा जैन सावकार म्हणजे इंग्रज कंपनीलाही कर्ज देणारा माणूस. परक्या शहरात कोणाजवळ खरोखर पैसा आहे आणि कोण नुसता थाट मिरवतो, हे ओळखणे किती अवघड असते ते कर्जाची फाइल हाताळलेल्या कोणालाही विचारा. एका तोंडच्या माहितीवर भागत नाही. बाजारात विचारावे लागते, गोदीवर विचारावे लागते, नोकरचाकरांकडून कळते ते ताडून पाहावे लागते. पत्रातली ती तीन नावे म्हणजे अशा कामाचा निष्कर्ष होता.

तिसरी गोष्ट कोणाला हात लावायचा नाही याची. फ्रेंच वैद्य बर्नियर लिहितो की कापुचिन पंथाचे पाद्री फादर अँब्रोज यांचे घर वाचले. डचांच्या एका दिवंगत दलालाचे घरही वाचले, कारण तो दानधर्म करणारा म्हणून ओळखला जाई. कोण श्रीमंत याबरोबर कोण धर्मशील, हेही आधी विचारून ठेवलेले होते.

चौथी गोष्ट निघण्याच्या वेळेची. १० जानेवारीला, रविवारी सकाळी, फौज अचानक निघून गेली. मोगलांची कुमक येत असल्याची खबर लागली होती. ती कुमक सुरतेत पोहोचली १७ तारखेला. येण्याची वेळ साधणे हा हेरगिरीचा अर्धा भाग, निघण्याची वेळ साधणे हा दुसरा.

थेवेनो १६६६मध्ये सुरतेत आला. त्याला लोकांनी असे सांगितले की शिवाजीराजे स्वतःच फकिराच्या वेषात येऊन शहर पाहून गेले होते. आम्हाला वाटते, शहर कोणीतरी पाहून गेले हे लोकांनी बरोबर ओळखले होते. माणूस मात्र ओळखता आला नाही, म्हणून ते श्रेय धन्याच्या नावावर जमा झाले. बहिरजीसारख्याला याहून मोठी पावती कोणती?

आता जे सांगायला जड जाते तेही सांगितले पाहिजे. इनायतखान किल्ल्यात जाऊन लपला आणि शहर उघडे पडले. चार दिवस लूट चालली, आगी लागल्या, शहराचा फार मोठा भाग जळाला. खानाने बोलणी करायच्या मिषाने पाठवलेल्या माणसाने महाराजांवर खंजिराने वार करण्याचा प्रयत्न केला. तो फसला, पण त्यानंतर काही कैद्यांची डोकी आणि काहींचे हात कापले गेले. ज्यांची घरे जळली ती सारी कोट्यधीशांची नव्हती. आपले सुरती शेजारी लूट या शब्दावर थांबतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात. आपण स्वराज्याच्या रित्या खजिन्याची आठवण देतो तेव्हा आपणही खोटे बोलत नसतो. दोन्ही बाजू एका पानावर मांडल्याशिवाय ताळा जमत नाही. मुलांना सांगताना आपण एकच बाजू सांगितली, तर दुसरी बाजू ती बाहेरून ऐकतील आणि मग आपल्या सांगण्यावरचा त्यांचा विश्वास उडेल.

बहिरजी पुन्हा दिसतो तो तब्बल पंधरा वर्षांनी. नोव्हेंबर १६७९मध्ये महाराजांनी जालना लुटले. परतताना रणमस्तखानाने फौज गाठली. मोठी झुंज झाली, सिधोजी निंबाळकर पडले. समोर शत्रू, बरोबर लुटीचे ओझे, आणि मागून आणखी मोगल येत असलेले. अशा वेळी बहिरजीने आडवाटेने फौज काढली आणि अहोरात्र चालवून अकोले भागातल्या पट्टा किल्ल्यावर सुखरूप आणून पोहोचवली. महाराजांनी तिथे विसावा घेतला, म्हणून त्या किल्ल्याला विश्रामगड हे नाव मिळाले. बहिरजीवर महाराज प्रसन्न झाले आणि त्याला बक्षीस मिळाले, असे बखर सांगते. पुढे पाच महिन्यांत, ३ एप्रिल १६८०ला महाराज गेले.

सुरतेला त्याने राजाला आत नेले, जालन्याहून बाहेर काढले. या दोन प्रसंगांच्या मधली पंधरा वर्षे त्याने काय केले, ते कागदांत नाही. आम्हाला यात उणीव वाटत नाही. ज्याची कामे कागदावर येतात तो हेर फार दिवस टिकत नाही.

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत, त्यांना तिकडचा दाखला लवकर पटेल. स्वातंत्र्ययुद्धात, १७७६च्या सप्टेंबरात, नेथन हेल हा तरुण अपुऱ्या तयारीनिशी इंग्रजांच्या मुलखात गेला, पकडला गेला आणि फासावर चढला. तो आज तिकडे हुतात्मा म्हणून पूजला जातो. दोन वर्षांनी वॉशिंग्टन यांच्यासाठी न्यूयॉर्कमध्ये कल्पर नावाचे हेरांचे जाळे उभे राहिले. त्यातला मुख्य बातमीदार रॉबर्ट टाउनसेंड हा व्यापारी होता. तो कोण, हे जगाला कळायला सुमारे दीडशे वर्षे लागली. सीआयए या त्यांच्या हेरखात्याच्या मुख्यालयात एका भिंतीवर कामी आलेल्यांसाठी तारे कोरलेले आहेत आणि त्यातल्या काहींची नावे आजही जाहीर केलेली नाहीत. देश कोणताही असो, या धंद्यात नाव झाकलेलेच राहते. फरक इतकाच की बहिरजीचे नाव त्याच्याच पिढीच्या माणसाने बखरीत लिहून ठेवले.

शेवटी दोन जागा सांगतो. एक आपल्या सुरतेत. कतारगाम दरवाजाच्या बाजूला जुने इंग्रजी कबरस्तान आहे. तिथे सर जॉर्ज ऑक्झेंडन याची भव्य, घुमटाची कबर आहे. १६६४मध्ये त्याने आपली वखार वाचवली, म्हणून कंपनीने त्याला सुवर्णपदक दिले, औरंगजेबाने पोशाख दिला. तो १६६९मध्ये इथेच वारला. दुसरी जागा सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या बाणूरगडावर, म्हणजे जुन्या भूपाळगडावर. तिथे बहिरजी नाईकांची म्हणून एक साधी समाधी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे.

उन्हाळ्याच्या सुटीत गावी जाणाऱ्यांपैकी ज्यांची वाट सांगलीकडे जाते त्यांनी मुलांना घेऊन बाणूरगडावर जावे. त्याआधी एखाद्या रविवारी तापीकाठचा किल्ला आणि ते कबरस्तानही दाखवावे. इनायतखान ज्या किल्ल्यात लपला तो आजही उभा आहे. मुले प्रश्न विचारतील. जे कागदात आहे ते कागदातले म्हणून सांगावे, जे लोककथेतले आहे ते लोककथा म्हणून सांगावे, आणि जळलेली घरेही वगळू नयेत. खरी खबर जशी आहे तशी आणून देणे, हेच तर बहिरजीचे काम होते.