इब्नुल हैसम : प्रकाशाचे प्रामाणिक अभ्यासक

सोलापूरच्या उन्हात वाळत घातलेली चादर आपण सर्वांनीच पाहिली आहे. तिच्या एका पदरातून ऊन अंधुक का होईना, झिरपते. दुहेरी घडी केली की ते मंदावते आणि चार पदरांखाली जवळजवळ अंधार होतो. सूर्य तोच असतो. मधला पडदा तेवढा वाढलेला असतो. अशा साध्या अनुभवांचे ज्यांनी शास्त्र केले, त्यांत अबू अली अल-हसन इब्नुल हैसम (रह.) यांचे स्थान फार वरचे आहे.

त्यांचा जन्म इ. स. ९६५ च्या सुमारास बसरा येथे झाला. गणितातील त्यांची कीर्ती इजिप्तपर्यंत पोहोचली होती. नाईल नदीच्या पाण्याचे नियमन करता येईल, असे त्यांचे मत फातिमी शासक अल-हाकिम याच्या कानी गेले आणि त्याने त्यांना कैरोस बोलावून घेतले. चरित्रकार सांगतात की, ते अस्वानच्या बाजूस गेले, तेव्हा वाटेत प्राचीन इजिप्तवासीयांची भव्य बांधकामे त्यांच्या दृष्टीस पडली. हे कार्य शक्य असते, तर एवढ्या कुशल लोकांनी ते कधीच केले असते, हे त्यांना उमगले. परत येऊन त्यांनी लहरी आणि कठोर शासकासमोर आपली चूक कबूल केली. पुढे त्याच्या कोपाच्या भयाने त्यांनी वेडाचे सोंग घेतले आणि १०२१ मध्ये अल-हाकिमचा अंत होईपर्यंत ते नजरकैदेत राहिले.

त्यानंतर ते अल-अझहर मशिदीजवळ राहू लागले. युक्लिड आणि टॉलेमी यांच्या ग्रंथांच्या नकला करून ते हलाल कमाईवर चरितार्थ चालवीत. सुमारे १०४० मध्ये कैरो येथेच त्यांचे निधन झाले.

‘किताबुल मनाझिर’ हा त्यांचा सात खंडांचा ग्रंथ. डोळ्यांतून किरण निघतात म्हणून आपल्याला दिसते, असे अनेक जुने विद्वान मानीत. तीव्र प्रकाशाकडे पाहिल्यास डोळ्यांना पीडा होते, या अनुभवाच्या आधारे इब्नुल हैसम यांनी दाखवून दिले की, प्रकाश बाहेरून डोळ्यांत येतो. हवा, पाणी, काच यांचाही त्यांनी विचार केला. कोणताही पदार्थ पूर्णतः पारदर्शक नसतो, प्रत्येकात थोडी तरी अपारदर्शकता असतेच, असे त्यांचे प्रतिपादन होते.

प्रकाश नेमका किती घटतो, याचा हिशेब सुमारे सात शतकांनी, १७२९ मध्ये, फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बूगे यांनी मांडला. सारख्या जाडीचा प्रत्येक थर आपल्यापर्यंत पोहोचलेल्या प्रकाशाचा सारखाच हिस्सा घेतो. रंगीत काचेच्या एका तुकड्याने प्रकाश निम्मा होत असेल, तर दुसऱ्याने तो एक चतुर्थांश आणि तिसऱ्याने एक अष्टमांश उरतो. मगरिबच्या सुमारास मावळतीचा सूर्य निस्तेज दिसतो, तोही यामुळेच. क्षितिजावरील सूर्याच्या किरणांना माथ्यावरील सूर्याच्या तुलनेत सुमारे ३८ पट हवा ओलांडावी लागते.

वाचकहो, आता आपल्या अंतःकरणाकडे वळून पाहा. गुनाहाने हृदयावर काळा ठिपका पडतो आणि तौबाने ते पुन्हा उजळते, ही हदीसची शिकवण आपण जाणतो. एक असत्य, एक अहंकार, चूक ठाऊक असूनही न दिलेली एक कबुली; असे पातळ पदर एकावर एक चढतात. एकेक पदर क्षुल्लक वाटतो, म्हणूनच तो धोक्याचा. इब्नुल हैसम यांनी हा पदर चढू दिला नाही. थोर पूर्वसूरींचे मत तपासून घ्यावे आणि ते तपासताना स्वतःच्या पूर्वग्रहांवरही संशय घ्यावा, अशी त्यांची शिकवण होती.

आणि निराशही होऊ नका. वरील हिशेबात कितीही थर घातले, तरी उरलेला हिस्सा शून्य होत नाही. हा केवळ दृष्टान्त आहे. अल्लाहची रहमत कोणत्याही हिशेबापलीकडची आहे. आज एक पदर दूर करा. ज्याच्याशी खोटे बोललात, त्याच्याकडे जाऊन कबूल करा. आपल्या मुलांनाही इब्नुल हैसम यांचे शोध सांगताना त्यांची ती कबुली आधी सांगा.