पेन्सिलीतला किनारा

गणपतीला एकवीस पत्री वाहताना त्यांत धोतऱ्याचे पान असते. अमेरिकेतील ग्लॉस्टर या बंदरगावचे चित्रकार फिट्झ हेन्री लेन यांचे पाय बालपणीच गेले ते धोतरा खाल्ल्याने, असे सांगतात. काहींच्या मते तो पोलिओ. जन्म १८०४चा, चालणे कायम कुबड्यांवर.

बोस्टनच्या शिळाछापखान्यात त्यांचा हात तयार झाला. १८४८च्या सुमारास गावी परतून बंदराकाठी त्यांनी दगडी घर बांधले. तैलचित्रांनी त्यांना नाव दिले. आम्हाला ओढ लागते ती साध्या पेन्सिलचित्रांची. १८६३चे ब्रेसेस रॉक पाहावे. एक खडक, शांत पाणी, बाकी कागद जवळजवळ कोराच! पुढच्या वर्षी त्यावरून रंगविलेल्या चित्रांत काठाला मोडकी होडी पडलेली दिसते.

अशा किनाऱ्यावर हा माणूस पोहोचायचा कसा? जोसेफ स्टीव्हन्स नावाचा मित्र होता. जागा तो शोधी, सामान तो वाही. मेनच्या किनाऱ्यावरील सफरींतही तो बरोबर असे. बऱ्याच रेखाटनांवर त्या दिवशी सोबत कोण होते, ते त्याच्याच हातचे लिहिलेले आहे.

लेन १८६५ मध्ये वारले. स्टीव्हन्स कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना पुरले.