पंधरा मिनिटांचा राजा

गेल्या पावसाळ्यात एका मोकळ्या तासाला आमच्या इंग्रजीच्या सरांनी आम्हा तिघा-चौघांना आपल्या मोबाईलवर एक जुने कृष्णधवल चित्रीकरण दाखविले. उंच, सडपातळ, काळा माणूस. अंगात बेताचा सूट, केस चापूनचोपून बसविलेले. तो पियानोजवळ उभा राहून गात होता. ओरडणे नाही, हातवारे नाहीत. शेजारी बसलेल्याशी हळू आवाजात बोलावे, तसे ते गाणे. माझ्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची इंग्रजी गाणे ऐकताना नेहमी तारांबळ उडते. पण या माणसाचा शब्द न् शब्द मला कळला. सरांनी नाव सांगितले : नॅट किंग कोल. आणि जाता जाता एवढेच म्हणाले, की दूरदर्शनवरचा त्याचा हा कार्यक्रम साधारण वर्षभरात बंद पडला, कारण खर्च उचलायला कोणी मोठा धनी पुढे आला नाही.

घंटा झाली, सर गेले. पण हे माझ्या डोक्यातून जाईना. एवढ्या गोड आवाजाला गिऱ्हाईक मिळू नये? मग मिळेल ते वाचत गेलो. त्यातून जे हाती लागले, ते येथे मांडीत आहे.

नॅटचे मूळ नाव नॅथॅनिएल अॅडम्स कोल्स. जन्म १७ मार्च १९१९, अमेरिकेच्या दक्षिणेतील अलाबामा राज्यात, माँटगोमेरी या गावी. दक्षिणेत त्या काळी काळ्यांची शाळा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा, बसमधली जागा वेगळी. या जाचाला कंटाळून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडील शहरांत गेली, त्यांतच कोल्स कुटुंबही होते. नॅट चार वर्षांचा असताना ते शिकागोला आले. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक झाले, आई तेथेच ऑर्गन वाजवीत असे. मुलाची पियानोवरची पहिली गुरू तीच. घरात भजन-कीर्तनासारखे धार्मिक संगीत, आणि घराबाहेर पडले की जॅझ! अर्ल हाइन्स हा त्या काळचा मोठा पियानोवादक. पोरगेला नॅट रात्री घरातून सटकून क्लबाबाहेर उभा राही आणि भिंतीपलीकडून येणारी त्याची बोटे कानांत साठवून घेई. तिकिटाला पैसे नसलेल्यांची ही शाळा आपल्याकडेही पुष्कळांना ठाऊक आहे.

शाळा अर्धवट सुटली. १९३६ साली थोरला भाऊ एडी याच्याबरोबर पहिली तबकडी निघाली. पुढे एका फिरत्या संगीत नाटक कंपनीबरोबर तो देशभर हिंडला. ती कंपनी कॅलिफोर्नियात लाँग बीच येथे मोडली आणि अठरा वर्षांचा नॅट परक्या मुलखात अडकला. जे मिळेल ते काम त्याने केले, दारूच्या गुत्त्यांत मोडके पियानो बडविले. अखेर गिटारवर ऑस्कर मूर आणि डबल-बासवर वेस्ली प्रिन्स असे दोन साथीदार घेऊन त्याने आपले त्रिकूट उभे केले. या त्रिकुटात ढोल-ताशे म्हणजे ड्रम नव्हते, आणि ही त्या काळात नवलाचीच गोष्ट होती. पुढे ऑस्कर पीटरसनसारख्या नामांकित वादकानेही हीच घडण उचलली. इंग्रजी बालगीतातील म्हाताऱ्या कोल राजावरून ‘किंग’ हे नाव याच दिवसांत त्याला चिकटले.

नॅट मुळात पियानोवादक, हे आज बहुतेकांना ठाऊक नसते. गायक म्हणून त्याचा बोलबाला झाला तो १९४३ साली ध्वनिमुद्रित केलेल्या ‘स्ट्रेटन अप अँड फ्लाय राइट’ या गाण्याने. त्याची कथा मोठी गमतीची आहे. एक गिधाड प्राण्यांना पाठीवर बसवून फिरायला नेई आणि उंचावरून खाली टाकून खाई. माकडाची पाळी आली, तेव्हा त्याने आपले शेपूट गिधाडाच्या मानेला गुंडाळले आणि त्याला नीट उडायला लावले! ही गोष्ट नॅटचे वडील प्रवचनात सांगत असत. लेकाने तिचे गाणे केले, पण हक्क आधीच किरकोळ रकमेला विकून बसला होता. असो.

या गाण्याने कॅपिटल ही नवी तबकडी कंपनी नावारूपाला आली. ‘नेचर बॉय’, ‘मोना लिसा’, ‘अनफरगेटेबल’ अशी एकामागून एक गाणी घरोघर पोहोचली. १९५६ साली हॉलीवूडमध्ये या कंपनीने तेरा मजल्यांची गोल इमारत बांधली, तिला लोक नॅटने बांधलेले घर म्हणू लागले.

आणि त्याच्या स्वतःच्या घराचे काय? १९४८ साली गायिका मारिया हिच्याशी त्याचे दुसरे लग्न झाले आणि दोघांनी लॉस एंजेलिसच्या हँकॉक पार्क या श्रीमंत वस्तीत घर घेतले. तेथल्या खरेदीखतांतच गोऱ्यांखेरीज कोणाला घर विकू नये, अशी अट असे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत, असा निकाल दिला होता. म्हणजे कायदा नॅटच्या बाजूला होता. शेजारी नव्हते. त्यांनी बैठका घेतल्या, घर परत विकत घेण्याची तयारी दाखविली. हिरवळीवर शिवी जाळून उमटविली गेली. कुत्र्याला विष घातले गेले. नॅटने घर सोडले नाही. मरेपर्यंत तो तेथेच राहिला.

येथे रेडिओची एक गोष्ट सांगितली पाहिजे, म्हणजे पुढचे नीट समजेल. १९४६ ते १९४८ या काळात नॅटच्या त्रिकुटाचा रेडिओवर दर आठवड्याला कार्यक्रम होत असे, आणि केसांना लावायचे वाइल्डरूट नावाचे क्रीम बनविणारी कंपनी त्याचा खर्च उचलीत असे. रेडिओवर धनी मिळाला! मला वाटते, याचे कारण उघड आहे. रेडिओला डोळे नसतात.

दूरदर्शन मात्र डोळ्यांचे माध्यम. १९४८ पासून अमेरिकेत विविधरंगी कार्यक्रमांचे पेव फुटले होते. आपल्या स्नेहसंमेलनातील विविध गुणदर्शन डोळ्यांसमोर आणा : एक सूत्रधार, मग गाणे, नकला, नाच, जादू, पुन्हा गाणे. मिल्टन बर्लचा कार्यक्रम, एड सुलिव्हनचा रविवारचा कार्यक्रम (हा तर १९७१ पर्यंत चालला), पेरी कोमो आणि डायना शोर या गायकांचे कार्यक्रम लोक सहकुटुंब पाहत. त्यांचे अर्थकारण सोपे होते. साबण, मोटार, पेट्रोल विकणारी एखादी कंपनी सारा खर्च करी आणि पुष्कळदा कार्यक्रमाला आपलेच नाव देई. बर्लच्या कार्यक्रमाला टेक्साको या तेल कंपनीचे नाव होते, डायना शोरच्या कार्यक्रमाला शेव्हरोले मोटारीचे. सूत्रधार म्हणजे त्या मालाचा चेहराच. काळे कलावंत या कार्यक्रमांत पाहुणे म्हणून येत, एक गाणे गात आणि निघून जात. पाहुणा चालत होता. यजमान चालत नव्हता.

५ नोव्हेंबर १९५६, सोमवारी संध्याकाळी साडेसात वाजता एन.बी.सी. या राष्ट्रव्यापी प्रक्षेपण कंपनीवर नॅट यजमान झाला. अवघी पंधरा मिनिटे. त्याच्या आधीही एखाद-दुसऱ्या कृष्णवर्णीय कलावंताला असा छोटा कार्यक्रम मिळाला होता, १९५० साली हेझल स्कॉट या पियानोवादिकेला मिळाला तसा; पण नॅटएवढा लोकप्रिय माणूस या जागी प्रथमच बसत होता. प्रायोजक नव्हता. खर्च एन.बी.सी. स्वतः सोसत होती, धनी आज ना उद्या मिळेल या आशेवर.

याच वर्षी, सात महिने आधी, १० एप्रिलला काय झाले होते ते पाहा. अलाबामात, म्हणजे त्याच्या जन्मराज्यातच, बर्मिंगहॅम येथे तो फक्त गोऱ्या श्रोत्यांसमोर गात होता. काळ्यांसाठी दुसरा खेळ रात्री उशिरा. गाणे चालू असताना वर्णद्वेष्ट्या संघटनेची माणसे धावत रंगमंचावर चढली आणि त्यांनी त्याला खाली पाडले. पाठीला मार बसला. पोलिसांनी त्यांना धरले. नॅट परत येऊन श्रोत्यांसमोर उभा राहिला. लोकांनी कितीतरी वेळ टाळ्या वाजविल्या. तो खेळ त्याने पुरा केला नाही, मात्र रात्रीचा, आपल्या लोकांसाठीचा खेळ केला.

मला वाटले होते, यानंतर त्याचे लोक त्याला खांद्यावर घेतील. झाले उलटेच. काळ्यांच्या वृत्तपत्रांनी त्यालाच जाब विचारला : जेथे आपल्या माणसांना गोऱ्यांच्या शेजारी बसू देत नाहीत, तेथे गायला गेलासच का?

हे वाचताना मी थबकलो. आमचे आण्णा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवितात. मी नववीत असताना खुळखुळा वाजवायला त्यांच्याबरोबर एका लग्नाला गेलो होतो. वरातीपुढे तीन तास वाजवून झाल्यावर बँडवाल्यांची पाने मांडवाबाहेर, खरकट्याच्या बाजूला मांडलेली. मला वाटले, आण्णा उठतील. ते उठले नाहीत. जेवले, हात धुतले आणि रात्री पुन्हा तितक्याच सुरात वाजविले. घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. त्याच हंगामाच्या पैशांतून माझी दहावीची पुस्तके आली, हे मला पुढे कळले.

म्हणून नॅटची बाजू मला समजते. तरीही त्याच्यावरची टीका मला चूक वाटत नाही. ज्याच्याजवळ नाव आहे, पैसा आहे, त्याने नाही म्हणायला हवे होते. आण्णांजवळ यांतले काहीच नव्हते. नॅटलाही हे लागले असावे. त्याने काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या संस्थेचे आजीव सभासदत्व घेतले.

आता पुन्हा त्या पंधरा मिनिटांकडे. कार्यक्रम उत्तम होता. नेल्सन रिडलसारखा संगीत संयोजक, तालेवार पाहुणे. जुलै १९५७ मध्ये त्याचा अर्धा तास झाला. एला फिट्झजेराल्ड आली, हॅरी बेलाफाँटे आला, पेगी ली आणि मेल टॉर्मे हे गोरे कलावंतही आले. एरवी हजारोंनी मोबदला घेणारी ही मंडळी कलावंत-संघटनेने ठरविलेल्या किमान बिदागीवर गाऊन गेली. नॅटने स्वतः बाहेरचे कार्यक्रम सोडून पदरचे नुकसान सोसले. न्यूयॉर्क भागापुरती ऱ्हाइनगोल्ड ही बिअर कंपनी पुढे आली. पण साऱ्या देशासाठी कोणीही नाही. दक्षिणेतील गोरे गिऱ्हाईक आपल्या मालावर बहिष्कार टाकील, ही धास्ती. आश्चर्य असे, की हीच गिऱ्हाइके त्याच्या तबकड्या विकत घेत होती!

मला सर्वांत भावते ते यापुढचे. एन.बी.सी.ने कार्यक्रम बंद केला नाही. कमी महत्त्वाच्या वेळेला, शनिवारी संध्याकाळी सात वाजता, तो हलवू असे सुचविले. नॅटने नकार दिला आणि कार्यक्रम स्वतःच थांबविला. १७ डिसेंबर १९५७ रोजी शेवटचा भाग झाला. तोवर कडवट शब्द न काढणाऱ्या या माणसाने मग १९५८ च्या फेब्रुवारीत ‘एबनी’ मासिकात स्वतःच्या नावाने लेख लिहिला. दोष प्रेक्षकांना दिला नाही, एन.बी.सी.लाही नाही, जाहिरात संस्थांना दिला. बर्मिंगहॅमला जे त्याने म्हटले नव्हते, ते येथे म्हटले.

तो नाहीसा झाला मुळीच नाही. हवानात जाऊन स्पॅनिश गाण्यांची तबकडी केली, ती भाषा येत नसताना. १९६२ साली ‘रँबलिन रोझ’ गाजले. सिगारेट मात्र सुटली नाही. धुराने आवाजाला खर्ज येतो, अशी त्याची समजूत होती. डिसेंबर १९६४ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाले. जानेवारीत डावे फुप्फुस काढले. १५ फेब्रुवारी १९६५ रोजी सांता मोनिका येथे तो वारला, तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता.

कृष्णवर्णीय यजमानाचा विविधरंगी कार्यक्रम अमेरिकेत भरघोस चालला तो १९७० साली, फ्लिप विल्सन या विनोदी नटाचा. त्याच एन.बी.सी.वर. तेव्हा प्रायोजक मिळाले.

वडील गेले तेव्हा नॅटची मुलगी नॅटली पंधरा वर्षांची होती. तीही गायिका झाली, पण वडिलांची गाणी गाणे तिने बरीच वर्षे टाळले. १९९१ साली तिने वडिलांच्या जुन्या ध्वनिमुद्रणाशी आपला आवाज जोडून ‘अनफरगेटेबल’ गायिले. सरांकडून मी तेही मागून घेतले. पहिली ओळ बापाची, पुढची लेकीची, मग दोघांची मिळून. आण्णांना ऐकविले. त्यांना शब्द कळले नाहीत. त्यांनी मोबाईल कानाशी धरला आणि पियानोचा तुकडा कोठे येतो तेवढे विचारले.