रुडॉल्फ डिझेल

रुडॉल्फ क्रिस्टियान कार्ल डिझेल (१८ मार्च १८५८ – २९ सप्टेंबर १९१३) हे जर्मन अभियंते व डिझेल इंजिनाचे जनक होते. बव्हेरियातून पॅरिसला स्थायिक झालेल्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८७० साली फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटले आणि कुटुंबाला पॅरिस सोडून लंडनला जावे लागले. बारा वर्षांच्या रुडॉल्फ यांना मात्र शिक्षणासाठी ऑग्सबुर्गला नातेवाइकांकडे धाडण्यात आले. पुढे म्युनिकमध्ये कार्ल फोन लिंडे हे त्यांचे गुरू होते.

इंजिनाचा शोध

वाफेचे इंजिन इंधनातील बहुतांश उष्णता वाया घालवते, ही बाब डिझेल यांना विद्यार्थिदशेपासूनच खटकत होती. हवा अतिशय दाबली असता एवढी तापते की तिच्यात सोडलेले इंधन ठिणगीवाचून पेट घेते; या तत्त्वावरील इंजिनासाठी १८९२ मध्ये त्यांनी पेटंटचा अर्ज केला. अनेक फसलेल्या प्रयोगांनंतर १८९७ च्या चाचणीत इंजिनाची कार्यक्षमता सुमारे २६ टक्के भरली. तत्कालीन वाफेच्या इंजिनांच्या मानाने ही मजल फार मोठी होती.

वनस्पती तेलाचा प्रयोग

डिझेल यांनी हे इंजिन शेंगदाणा तेलासाठीच बनवले, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. आरंभी त्यांच्या विचारात दगडी कोळशाची भुकटीही होती आणि चाचण्या खनिज तेलावर झाल्या. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ओटो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवले. आफ्रिकेतील वसाहतींत भुईमूग मुबलक पिके. तेथे बाहेरून इंधन न नेता यंत्रे चालावीत, हा फ्रेंच सरकारचा त्यामागील हेतू होता. डिझेल यांनी नंतर स्वतःही असे प्रयोग केले आणि १९१२ मध्ये वनस्पती तेलांना पुढे महत्त्व येईल असे मत मांडले.

मृत्यू

इंजिन जगभर पोहोचले तरी पेटंटचे वाद, ढासळलेली प्रकृती आणि फसलेली गुंतवणूक यांनी डिझेल कर्जबाजारी झाले. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवरून ते नाहीसे झाले. काही दिवसांनी समुद्रात मृतदेह आढळला. आत्महत्या की अपघात, याचा निर्णय लागलेला नाही.

नंतरचा काळ

कच्चे वनस्पती तेल डिझेलपेक्षा कितीतरी दाट असते. त्याचा फवारा बारीक उडत नाही, ज्वलन अपुरे होते आणि कालांतराने नोझल व पिस्टनच्या रिंगांवर काजळी साचते. म्हणून मिथेनॉलशी प्रक्रिया करून त्याचे पातळ बायोडिझेल बनवतात. त्यात ऑक्सिजन असल्याने काळा धूर व कार्बन मोनॉक्साइड घटतात. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र बहुधा किंचित वाढतात. लिटरमागे ऊर्जाही थोडी कमी मिळते, त्यामुळे तेवढ्याच कामाला इंधन काहीसे अधिक लागते.