कर्मवीर आणि माझा प्रकल्प

गेल्या वर्षी पर्यावरणशास्त्राचा प्रकल्प मी एका रात्रीत पूर्ण केला. विषय होता लिंबोटी धरण. हे धरण आपल्याच लोहा तालुक्यात आहे. परंतु मी तिकडे फिरकलोसुद्धा नाही. वरच्या वर्गातील मित्राची वही समोर ठेवली, अक्षर वळणदार काढले आणि गुणही चांगले मिळाले. पुढे ग्रंथालयात कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र हाती आले आणि त्या गुणांचा आनंद ओसरला.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. शालेय परीक्षांत त्यांनी फारशी चमक दाखविली नाही. मात्र कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांचा सहवास लाभला आणि सत्यशोधक विचारांचा ठसा त्यांच्या मनावर उमटला. पुढे किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्ताने ते खेडोपाडी हिंडले. शेतकऱ्यांच्या दारिद्र्याचे मूळ अज्ञानात आहे, हे त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिले. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली.

1924 साली साताऱ्यात त्यांचे वसतिगृह सुरू झाले. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीत जेवत. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडले. या अन्नाची किंमत मुलांना ठाऊक होती. शेतात राबणे, झाडलोट करणे, भाकऱ्या थापणे ही कामे त्यांचीच असत.

मला येथेच माझी चूक उमगली. माझ्या वहीतला आकडा चुकला असता तर कोणाचे काय बिघडले असते? काहीच नाही. बोर्डिंगात मात्र पिठाचा अंदाज चुकला तर कोणीतरी अर्धपोटी झोपणार. ज्या कामावर दुसऱ्याचे काही अवलंबून असते, तेच काम माणसाला नियोजन, सहकार्य आणि जबाबदारी शिकविते. जातीची अढीही व्याख्यानाने जाते त्याहून अधिक एका चुलीपाशी बसल्याने जाते.

नुसते कष्ट म्हणजे शिक्षण नव्हे, याचे भान भाऊरावांना होते. कष्ट तर आपल्याकडची मुले ऊसतोडीलाही करतात, आणि त्यापायी त्यांची शाळा सुटते. भाऊरावांनी श्रम आणले ते शाळा सुटू नये म्हणून. 1940 साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि 1947 साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, ते ‘कमवा व शिका’ याच तत्त्वावर. बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. 1959 साली भाऊरावांना पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची डी. लिट. मिळाली, त्याच वर्षी 9 मे रोजी त्यांचे निधन झाले.

आज नव्या अभ्यासक्रमात प्रकल्पाला गुण आहेत. ते गुण वही उतरवून मिळत राहिले, तर परीक्षेतील पाठांतरात आणखी एका पाठांतराची भर पडेल, इतकेच.

यंदा आम्ही तिघा मित्रांनी माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतील जनावरांचा बाजार हा विषय घेतला आहे. घोडे आणि गाढवे घेऊन येणाऱ्यांशी बोलायचे, जनावराची किंमत, चारा आणि वाहतूक यांचा हिशेब मांडायचा आणि तो त्यांनाच वाचून दाखवायचा. चुकला तर ते तोंडावर सांगतील. प्राध्यापक महोदयांना विनंती एवढीच, की आमच्या वहीची पाने कमी भरली तर रागावू नये. या खेपेस ती पाने आमची असतील.